उरलेले नऊ दात

माले, १४ जुलै २०२४

ती. तुळजाआत्यास,

वाकून नमस्कार करते आहे, तू बघायला समोर नसलीस तरी.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझा कैलास रोज कंपनीची माणसं सोडायला हिंजवडीला जातोच, तिथून माण काही लांब नाही. त्याच्याच हाती देते. सून रुसून माहेरी गेली तर कुणाला नवल वाटत नाही, पण सासू रुसून माहेरी गेल्याचं आपल्या गावात हे पहिलंच असावं. त्यातून तुझं माहेर तेच माझं माहेर. तू माझ्या वडिलांची बहीण, मी तुझ्या भावाची मुलगी आणि तुझ्या मुलाची बायको. म्हणजे आता मला रुसायचं झालं तर जायला जागाच नाही, ती तू आधीच अडवून बसलीस.

त्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात तू अर्धंच ऐकून उठलीस. उरलेलं लिहिते.

आपल्या शंभूच्या हिरड्या दोन वर्षं सुजतात, रक्त येतं, न किडलेले दात आपोआप हलायला लागतात आणि गळतात. आपण दातांचे तीन डॉक्टर केले. प्रत्येकानं तोंड बघितलं, चूळ भरायचं औषध दिलं. तळहात-तळपाय जाड होऊन भेगाळतात, ते आपण चिखल्या समजलो. भाताच्या खाचरात नाचणारं पोर, चिखल्या होणारच. तू दर पावसाळ्यात मायेनं मेंदी लावलीस आणि मीही वाटून दिली. दातवाल्यांनी हातपाय बघितले नाहीत, आणि बघितले असते तरी त्यांना मेंदीच दिसली असती. डॉक्टर मोनिका म्हणजे लहान मुलांच्या दातांची ती तरुण डॉक्टर, तिनंच पहिल्यांदा विचारलं की मुलाला मेंदी कशाला लावली. तिनं ती धुऊन काढायला लावली आणि एका हातात त्याचा तळवा, दुसऱ्या हातात आरसा धरून आळीपाळीनं तळवा आणि हिरड्या बघत राहिली. मग एक्स-रे फोटो काढला. त्यात दातांखालचं हाड इतकं झिजलंय की दात हवेत ठेवल्यासारखे दिसतात.

हा एकच आजार आहे आत्या, हाताचा आणि दाताचा मिळून. नाव दोन फ्रेंच डॉक्टरांचं आहे, माझ्या जिभेला वळत नाही. दहा लाखांत एखाद्या पोराला होतो. आता त्याचे दुधाचे नऊ दात उरलेत. तिचं म्हणणं आहे की ते सगळे काढून टाकायचे. पक्के दात उगवायच्या आत तोंड रिकामं आणि स्वच्छ झालं, तर त्या दातांना रोग लागायचा नाही अशी आशा आहे. सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते, आणि त्याला जानेवारीत सहावं पुरं होईल. थांबलो तर पक्के दातही असेच जातील आणि पंधराव्या वर्षी पोरगं म्हातारं दिसेल. मी ६ ऑगस्टची तारीख घेतली आहे.

ती "नवरा-बायको नात्यातले का" असं विचारत होती, तेव्हा तू पदर झटकून निघून गेलीस. तिनं कुणाला नाव ठेवलं नव्हतं. परत ये. तू नसताना हे करायचा मला धीर होत नाही.

तुझी,
रेश्मा

*

माण, १९ जुलै २०२४

चि. रेश्मास,

आत्या म्हणून आशीर्वाद. सासू म्हणून काही लिहीत नाही.

जागा अडवली म्हणतेस. ती खोली तुझ्या जन्माआधी माझी होती. आता तिथं तीन कॉम्प्युटरवाली पोरं भाड्यानं राहतात आणि मी देवघराशेजारी झोपते. तुझ्या बापानं सगळं घर भाड्याला लावलंय, बहिणीला एक कोपरा ठेवला हेच खूप.

तुझी डॉक्टरीण हुशार असेल. पण दाताचा आणि पायाचा काय संबंध? उद्या म्हणतील केस गळतात म्हणून गुडघा दुखतो. आणि नात्यातलं लग्न काढायचं तिला काय कारण? नाचता येईना अंगण वाकडं. रोग बरा करता येईना म्हणून रक्ताला बोल लावायचा. आमच्या तीन पिढ्या आपल्या घरातल्या मुली आपल्याच घरात देतात. माझ्या बापानं ऐंशीव्या वर्षी दातांनी ऊस सोलला. तुझ्या बापाचा, आमच्या जयसिंगचा, एक दात हललेला नाही. माझे सगळे आहेत, हवे तर येऊन मोज. भावाची मुलगी सून केली ती परक्या घरी तुझे हाल होऊ नयेत म्हणून. त्याचं हे फळ दाखवतेस?

दात पडले तर पडले. देवाच्या मर्जीनं पडतील. आईनं पोराला धरून तोंड रिकामं केलेलं मी आजवर ऐकलं नाही. उद्या गाव काय म्हणेल याचा विचार केलास का?

कैलासला मी माझ्या गळ्याची शपथ घातली आहे. तो दवाखान्याच्या कागदावर सही करणार नाही. तारीख सोडलीस तर त्याच दिवशी घरी येते.

तुळजाबाई

*

माले, २२ जुलै २०२४

आत्या,

नमस्कार. तुझे दात मोजायला यायची गरज नाही, तू पत्रातूनच चावलीस.

आजोबांचा ऊस मलाही आठवतो. म्हणूनच मी डॉक्टरला तेच विचारलं, की घरात सगळ्यांचे दात दगडासारखे आहेत, मग हे आलं कुठून? तिचं माहेर पौडचं, तिनं मला आपल्या भाषेत सांगितलं. औताला दोन बैल असतात. एक लंगडा असला तरी दुसरा ओढतो आणि शेत नांगरलं जातं, बांधावरून बघणाऱ्याला काही कळत नाही. प्रत्येक माणसात अशी एक जोडी असते. मूल होताना आई आपल्यातला एक बैल देते, बाप एक देतो. माझ्यातला लंगडा आणि कैलासमधला लंगडा, दोघेही शंभूच्या वाट्याला आले. परक्या घरात लग्न झालं असतं तर समोरच्याकडेही नेमका तोच लंगडा असणं फार अवघड. एका घरातले असलो की सोपं. यात पाप कुणाचं नाही. तुझं तर अजिबात नाही. पण डोळे मिटून घेतल्यानं लंगडा बैल चालायला लागत नाही.

गावाचं म्हणतेस. गाव काय, शेळी म्हातारी झाली तरी बोलतं. तू इथून गेल्यावर काय झालं ते सांगते. शंभूनं भाकरी दुधात कुस्करून घेतली, तरी दुसऱ्या घासाला वाटीतलं दूध लाल झालं. त्यानं वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "आये, मला भूक न्हाई." त्याला भूक होती आत्या. मी आई आहे, मला कळतं. अंगणवाडीत तोंडाला वास येतो म्हणून पोरं त्याला लांब बसवतात, तेव्हा तो हातानं तोंड झाकतो. मग हाताकडे बघतात म्हणून हात पाठीमागे घेतो. पाच वर्षांच्या पोरानं झाकून झाकून किती झाकायचं?

कैलासला तू शपथ घातलीस, मला नाही. मी चौकशी केली, आईची सही चालते. कैलासचे वडील गेल्यापासून या घरात शेवटचा शब्द तुझा असतो आणि मी तो आजवर मोडला नाही. हा मोडते आहे. चोरून नाही, तुला लिहून मोडते आहे.

६ तारखेला सकाळी निघू.

रेश्मा

*

माले, ८ ऑगस्ट २०२४

आत्या,

झालं.

सही मी केली. कैलासनं आम्हाला गाडीतून नेलं आणि स्वतः फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिला. म्हणाला, "म्या सही केली न्हाई, निस्ती गाडी चालवली. आयची शपथ ऱ्हायली का न्हाई?" तुझा मुलगा वकील व्हायचा, चुकून ड्रायव्हर झाला. पण शंभूला बाहेर आणला तेव्हा गाडी उघडी टाकून धावत आला आणि त्यानंच त्याला उचलून घेतलं, तेही तुला कळू दे.

भूल देऊन काढले. त्याला काही समजलं नाही, जे समजलं ते मला. बाहेर बाकावर बसले होते आणि एकदम वाटलं, ही बाई म्हणते ते चूक निघालं तर? ती खात्री देत नाही. पहिल्या दिवसापासून सांगते की काही पोरांचे पक्के दात टिकतात, काहींचे नाही, औषध आणि घासणं जन्मभर. तू खरी ठरलीस तर मी माझ्या पोराचे चालते दात माझ्या हातानं काढवले. तिथल्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन परत बसले.

दात डबीत घालून दिले. पडलेला दात छपरावर टाकायचा हे तूच त्याला शिकवलंस. काल गोठ्यापुढे उभं राहून त्यानं नऊच्या नऊ एकदम पत्र्यावर फेकले. गारा पडल्यासारखा आवाज झाला, म्हैस दचकली, आणि हा बोळका हसत सुटला. तोंडावर हात न ठेवता हसला.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

रेश्मा

*

माले, १४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

दोन महिने तुझी ओळ नाही. कैलासच्या हाती तुपाच्या दोन बरण्या आल्या, त्यांच्यावर चिठ्ठीही नव्हती. शंभू तूपभात खातो आणि विचारतो, आजी तूप पाठवते, मग स्वतः का येत नाही. मी सांगते की आजीला माझा राग आला आहे. तो म्हणतो, "मंग तू माणला जा, आजी हितं येईल." पोरगं तोड काढण्यात बापावर गेलंय.

आता मुद्द्याचं. काल कैलासच्या तोंडून निसटलं. तू तिथं नुसती रुसून बसलेली नाहीस. माझी धाकटी बहीण अपूर्वा आणि तुझा धाकटा अमोघ यांचं जमवलंयस आणि येत्या रविवारी सुपारी फोडायची आहे. मला कुणी कळवलं नाही. ना बहीण म्हणून, ना घरची सून म्हणून.

त्यांचं जमलं तर मला वाईट वाटायचं कारण नाही, अमोघ गुणी आहे. पण आधी दोघांचं रक्त तपासा. शंभूच्या रक्ताचा अहवाल आला आहे. डॉक्टर म्हणाली होती तेच निघालं, माझ्याकडून आणि कैलासकडून आलेलं. अपूर्वा माझी सख्खी बहीण, अमोघ कैलासचा सख्खा भाऊ. न तपासता सुपारी फोडणार असाल तर मी रविवारी शंभूला घेऊन येते आणि बैठकीत मधोमध बसवते. म्हणजे सगळ्यांना दिसेल आपण काय वाटून देतो आहोत.

रेश्मा

*

माण, १६ ऑक्टोबर २०२४

रेश्मा,

येऊ नकोस. आलीसच तर एकटी ये, पोराला आणू नकोस. भावकीतली वीस-पंचवीस माणसं असतील. त्याची कवळी पुढच्या महिन्यात येणार असं कैलास म्हणाला, ती आल्यावर आण. आत्ता त्या तोंडानं त्याला चारचौघांत बसवू नकोस. शुभकार्यात तमाशा नको.

मी सांगते आहे, ऐक.

तुळजाबाई

*

माण, २१ ऑक्टोबर २०२४

चि. रेश्मास,

आशीर्वाद. आत्याचे आणि सासूचेही.

काल तू शंभूला घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. तुझा नाही, माझाच जास्त. मी इतकी बजावते आणि ही पोरगी नेमकं उलट करते, ही सवय तिला कुणी लावली म्हणून बघायला गेलं तर मीच.

तू मला काय समजलीस ते तुझ्या तोंडावर वाचता येत होतं. तुला वाटलं नातवाची लाज वाटते म्हणून आणू नको म्हणाले. थोडी वाटत होती, खोटं कशाला लिहू? पण मोठं कारण जनार्दन होता. आमचा हा चुलतभाऊ कसा बोलतो ते मी लहानपणापासून बघते. मधे पडून सोयरीक जुळवायची आणि त्याच तोंडानं माणूस सोलायचा. पोराला त्याच्यासमोर बसवायला माझं मन घेईना.

तू अपूर्वाला घेऊन आत गेलीस, तेव्हा शंभू माझ्या मांडीवर येऊन बसला. पुढं काय झालं त्यातलं निम्मं तू ऐकलं नाहीस. पंगत बसली होती. मी त्याला शिरा भरवायला गेले, तर त्यानं माझ्या ताटातला पेरूच उचलला, चांगला पिकलेला, आणि हिरड्यांनी चोखून, दाबून, तोंड माखून खाल्ला. मी सवयीनं पदराचं टोक धरून तयार होते, कारण दोन वर्षं त्याच्या प्रत्येक घासाला मीच रक्त पुसलंय. खाऊन झाल्यावर त्यानं पेरूचा देठ माझ्या हातात दिला. त्यावर रक्त नव्हतं. पदराला काही लागलं नाही. वासही नाही. मी त्याचा जबडा धरून आत बघितलं. हिरड्या गुलाबी होत्या, तान्ह्या पोराच्या असतात तशा.

मला तिथंच कळलं की तू बरोबर होतीस.

तेवढ्यात जनार्दन म्हणाला, "तुळजाक्का, पोराला आत घेऊन जावा. सुपारीच्या येळंला असलं बोळकं तोंड म्होरं नको. पोरीनं गरवारपणी काय खाल्लं-प्यालं कुणास ठाऊक." पंगत हसली नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. तुझा बापही ताटाकडे बघत राहिला.

तू बाहेर आलीस तेव्हा मी उभी होते. मी काय बोलले ते तू ऐकलंस, तरी इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी बदलून सांगायला नको. मी म्हणाले, "ह्यो माजा नातू हाय आन् ह्यो हितंच बसंल. ह्याच्या आयनं काय बी खाल्लं न्हाई. ह्याचा रोग माज्या म्हायेरचा हाय, म्या माज्या हातानं सून करून घरात आणलाय. ज्याला बोलायचं त्यानं मला बोलावं. आन् जनार्दन, सुपारी आज फुटायची न्हाई. आदी रगत तपासायचं. पयलं माजं, मंग जयसिंगचं, मंग पोरांचं."

जनार्दन पान न खाता गेला. जाऊ दे. जयसिंग रात्री माझ्याशी बोलला नाही. सकाळी उठून म्हणाला, दवाखान्यात उपाशीपोटी जायचं का खाऊन? त्याला अजून वाटतं आपल्यात काही निघायचं नाही. निघालं तरी मी काही तोंड लपवून बसणार नाही. मी काय कुणाची चोरी केली आहे? आपल्यात आहे तर आहे. माहीत असलं म्हणजे निदान पुढच्या पोराला आंधळेपणानं देणार नाही.

आता तुझ्याविषयी. केलंस ते योग्य केलंस. पण माझा शब्द मोडलास ते मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस, कारण पुन्हा कधी असाच मोडायची वेळ आली तर मोडता आला पाहिजे. गुरुवारी रक्त देऊन परस्पर घरी येते. माझ्या भांड्यांची जागा बदलली असशील तर परत लाव.

तुळजाआत्या

*

माले, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. अपूर्वाच्या लग्नाला म्हणून तू पंधरा दिवस आधी माणला जाऊन बसलीस आणि आता फोन उचलतेस, तरी मी पत्रच लिहिते. ही वाईट खोड तू लावलीस.

तिकडे तुझं काय चाललंय ते कैलास सांगतो. नवरदेवाकडच्या बायकांना पहिल्याच भेटीत सांगितलंस म्हणे, की आमच्यात असा एक दोष आहे, माझ्यात आहे, भावात आहे, मुलीतही आहे, तुमच्या मुलाचं रक्त तपासून घेतलंय आणि ते स्वच्छ निघालं म्हणून पोरगी देतो. त्या बायका गांगरल्या. अपूर्वाला हसू आवरेना. दोघांच्याही रक्तात तेच निघून अमोघशी मोडलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, आता हा मुलगा तिनं स्वतः शोधला आहे, तेव्हा तू तिथं फार हुकूम सोडू नकोस.

जनार्दनकाकांच्या सुनेचा मला फोन आला होता. तिच्या धाकटीचे तळवे खरखरीत लागतात. सासऱ्यांना न सांगता तिला डॉक्टर मोनिकाकडे जायचं आहे. मी म्हणाले, सांगून जा. भांडण झालं तर तुळजाआत्या मांडवातच आहेत, त्यांना पुढं कर.

शाळेतलं सांगते. बाई म्हणाल्या, शंभू कवळी काढून पोरांना घाबरवतो. मी विचारलं, पोरं घाबरतात का? म्हणाल्या, नाही, रांग लावतात. हातापायाला मलम लावताना पळतो, गोळीनं कातडी जरा मऊ झाली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. खालचे पुढचे दोन पक्के दात पूर्ण वर आले. काल तपासणी झाली. फोटोत दातांखाली हाड दिसतं आत्या, मला स्वतःला दिसलं. दर तीन महिन्यांनी यायचं आहे, खात्री अजूनही कुणी देत नाही. पण आज सकाळी दात घासताना मला राहवेना. त्याला मांडीवर आडवा घेतला, तोंडात बोट घातलं आणि ते दोन्ही दात जोरानं हलवून बघितले. हलले नाहीत. पुन्हा हलवले. तो वैतागला, दोनदा मान झटकली, आणि तिसऱ्यांदा त्यानं वरची कवळी आणि खालचे ते दोन दात यांच्यात धरून माझं बोट करकचून चावलं.

रक्त आलं आत्या. माझं.

तुझी,
रेश्मा